शॅम्पेनचं सोवळं

आधीच सांगते, हा लेख शॅम्पेनविरुद्ध नाही. शॅम्पेन चांगली असते, कधीकधी फारच चांगली असते, आणि कुणी पाजली तर मी नाही म्हणणार नाही. माझं भांडण आहे ते शॅम्पेनच्या सोवळ्याशी. "प्यायची तर खरी शॅम्पेन, नाहीतर उगाच ते फसफसणारं काहीतरी कशाला?" हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं. (हे म्हणणारे दोघं आमच्याच नात्यातले आहेत आणि ते इथे वाचत असतात. नमस्कार! रागावू नका, पण वाचा शेवटपर्यंत.)

गंमत अशी की हे म्हणणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात शॅम्पेन प्यायलेली असते दोनदा किंवा तीनदा, तीही कुणीतरी विमानतळावरून आणलेली. तरीही मत मात्र एकदम ठाम. बाटलीत काय आहे यापेक्षा बाटलीवर काय लिहिलंय याला मान देण्याची ही आपली जुनी खोड. तिला माझा आक्षेप आहे, कारण तिची किंमत मोजणारे लोक भलतेच असतात. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय भांडण नीट होणार नाही.

वाइनमध्ये बुडबुडे आणायचे तीन प्रमुख मार्ग. पहिला आणि सगळ्यात मेहनतीचा: साधी वाइन तयार करायची, ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालायचं आणि बूच बंद करायचं. बाटलीतच ती दुसऱ्यांदा आंबते, वायू बाहेर पडायला जागा नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. दाब सहा वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे आपल्या गाडीच्या टायरच्या अडीच-तीनपट! मग ती बाटली कित्येक महिने त्या यीस्टच्या साक्यावर पडून राहते आणि त्यातून तो पावासारखा, भाजलेल्या बदामासारखा वास येतो. शेवटी बाटली हळूहळू फिरवत उलटी करायची, साका तोंडाशी आणायचा, गोठवून काढून टाकायचा, चवीपुरती साखर घालायची आणि खरं बूच लावायचं. दुसरा मार्ग: हेच दुसरं आंबवणं बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत करायचं. इटलीची प्रोसेको बहुतांशी अशी होते. तिसरा मार्ग: सोड्यासारखा वायू सरळ आत सोडायचा. त्याबद्दल न बोललेलं बरं.

शॅम्पेन पहिल्या मार्गाने होते. पण पहिल्या मार्गाने होणारी प्रत्येक वाइन शॅम्पेन नसते, कारण ते नाव फ्रान्समधल्या रँस आणि एपर्ने या गावांभोवतीच्या आखून दिलेल्या प्रदेशातच वापरता येतं. हे मला मान्य आहे, अगदी शंभर टक्के. आपल्याकडे २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्याच ना? कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारला तर आपण चिडतोच. पण म्हणून पायरी हा आंबाच नाही असं कुणी म्हणतं का? उलट आमरसाला पायरीच हवा म्हणून हटून बसणारी आजी प्रत्येक घरात असते. हापूसचं नाव जपणं वेगळं आणि हापूस सोडून बाकी सगळी झाडं तोडा म्हणणं वेगळं. शॅम्पेनच्या बाबतीत आपण हे दुसरं करत बसलोय.

बरं, त्या नावाचे इतके पैसे का पडतात? तिथल्या द्राक्षमळ्याचा भाव हेक्टरी सरासरी दहा लाख युरोच्या घरात आहे. किलोभर द्राक्षांना अलीकडच्या वर्षांत सहा-सात युरो पडतात, आणि तिथल्या नियमानुसार ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटरच रस घेता येतो. म्हणजे एका बाटलीला सुमारे १.२ किलो द्राक्षं. नुसती द्राक्षंच सात-आठ युरोची झाली! त्यावर साध्या शॅम्पेनलाही किमान १५ महिने ठेवून द्यायचं, आणि त्यावर जाहिराती, नट्या, बोटींच्या शर्यती, सोनेरी कागद. हे सगळं आपण ग्लासात ओतून घेतो. आणि दुर्मीळ म्हणाल तर २०२२ मध्ये तिथून ३२ कोटींहून अधिक बाटल्या बाहेर पडल्या. २०२४ मध्ये विक्री पडली तरी २७ कोटी होत्याच. दुर्मीळ वस्तूचा आकडा असा नसतो मंडळी.

"पण शोध तर त्यांनीच लावला ना?" हेही ऐकवतात. दों पेरिन्यों नावाच्या साधूने बुडबुडे शोधले, ही गोष्ट गोड आहे पण खरी नाही. हा साधू १६६८ मध्ये ओव्हिलेरच्या मठात तळघराचा कारभार पाहायला लागला. त्याच्या सहा वर्षं आधी, १६६२ मध्ये, ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रज गृहस्थाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला होता, की वाइनवाले वाइनमध्ये साखर घालून ती फसफसवतात. बिचाऱ्या पेरिन्योंच्या काळात बुडबुडे हा दोष समजला जायचा आणि तो ते टाळण्याच्या खटपटीत असायचा. वाइन मात्र तो खरोखरच चांगली करायचा, तेवढं श्रेय त्याचं त्याला देऊ.

आता यातली चीड आणणारी गोष्ट. फ्रान्समध्येच आल्सास, ल्वार, बूर्गोन्य, लिमू, ज्यूरा अशा भागांत क्रेमाँ नावाची स्पार्कलिंग वाइन होते. तीच बाटलीतली पद्धत, हाताने तोडलेली द्राक्षं, साक्यावर निदान नऊ महिने. पण १९९४ पासून युरोपात शॅम्पेनबाहेरच्या कुणालाही लेबलवर "शॅम्पेनच्या पद्धतीने" असं लिहायची बंदी आहे. म्हणून ते आपले "पारंपरिक पद्धत" असं मोघम लिहितात. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला कळतं आणि ज्याला माहीत नाही तो शेजारच्या फळीवरची तिप्पट महाग बाटली उचलतो. लेबलवरचे दोनच शब्द शिका: "ट्रॅडिशनल मेथड", किंवा त्याचं फ्रेंच रूप "मेथोद त्रादिसिओनेल". एवढ्यावर निम्मी लढाई जिंकलीत.

स्पेनची कावा हे तर याहून चांगलं उदाहरण. बार्सिलोनाजवळच्या सान सादुर्नी द'अनोया या गावी जोसेप राव्हेंतोसने १८७२ मध्ये बाटलीत आंबवलेली पहिली वाइन केली. द्राक्षं तिथलीच: माकाबेओ, शारेलो, पारेयादा. साधी कावा नऊ महिने साक्यावर असते, रिझर्व्हा १८ महिने आणि ग्रान रिझर्व्हा ३० महिने. पुन्हा वाचा: तीस महिने! साध्या शॅम्पेनच्या सक्तीच्या मुदतीच्या दुप्पट, आणि किंमत बहुतेक वेळा तिच्याहून कमी. बाटल्या फिरवून उलट्या करण्याचं जे काम हाताने दीड-दोन महिने चालायचं ते आठवड्याभरात उरकणारं यंत्रही १९७० च्या दशकात या कातालोनियातल्याच लोकांनी रूढ केलं. आज मोठमोठी शॅम्पेनची घराणीही तेच यंत्र वापरतात. तेव्हा "हाताने फिरवलेल्या बाटल्या" वगैरे काव्य ऐकलं की जरा दमानं घ्या.

तर लंडन, न्यू जर्सी आणि म्युनिकच्या नातेवाइकांनो, तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे. कमी खर्चात पाहुण्यांपुढे ठेवायची तर कावा रिझर्व्हा किंवा लिमूची क्रेमाँ. दक्षिण आफ्रिकेची "कॅप क्लासिक" मिळाली तर तीही घ्या, तिथे १९७१ पासून याच पद्धतीने करतात. हलकी, फळांच्या वासाची, फारसा विचार न करता प्यायची असेल तर प्रोसेको, पण तीत त्या पावाच्या वासाची अपेक्षा ठेवू नका, तो तिचा स्वभावच नाही. आणि खास प्रसंगाला शॅम्पेन हवीच असेल, तुम्हाला खरंच आवडत असेल आणि परवडत असेल, तर खुशाल घ्या. माझी कसलीच हरकत नाही.

इथे राहणाऱ्यांचं गणित मात्र निराळं आहे आणि ते कुणी सांगत नाही. आयात वाइनवर आपल्याकडे कित्येक वर्षं १५० टक्के शुल्क लागत आलंय. (करारांमुळे काही देशांसाठी ते कमी व्हायला लागलंय, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किमतीवरच्या वाइनसाठी २०२२ च्या डिसेंबरपासून.) म्हणजे बंदरात पाचशे रुपयांना उतरलेली बाटली या शुल्कानंतर साडेबाराशेची होते. मग राज्याचे कर, आयातदार, वितरक, दुकानदार यांचा प्रत्येकाचा वाटा. दुकानात तुम्ही जे मोजता त्यातली खरी वाइनची किंमत म्हणजे ताटातलं मीठ. म्हणून पुण्या-मुंबईत "इम्पोर्टेड आहे" म्हणून एखादी स्वस्तातली प्रोसेको घेणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा. तेवढ्याच किंवा कमी पैशात नाशिकची, बाटलीत आंबवलेली वाइन मिळते.

इथे नाकं मुरडतात. "नाशिकची?" हो, नाशिकची. ऐका. मोएत ए शाँदों हे शॅम्पेनमधलं सगळ्यात मोठं घराणं. त्यांनी १९५९ मध्ये अर्जेंटिनात, १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात स्पार्कलिंग करायला जागा घेतल्या आणि २०१३ मध्ये शाँदों नावाची बाटली आणली ती चक्क आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांची. शॅम्पेनवाल्यांना दिंडोरीची माती चालते, आणि आपल्या कोथरूडकरांना चालत नाही! त्याच्याही कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने बाटलीत आंबवलेली वाइन करून "ओमर खय्याम" नावाने परदेशात विकली होती. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, ते वेगळं. पण जुन्नर तालुक्यातली वाइन लंडनच्या टेबलावर गेली होती हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज सुला, ग्रोव्हर झाम्पा, अकलूजची फ्रातेल्ली असे कितीतरी जण करतात. मुख्य द्राक्ष शेनँ ब्लाँ, जे उन्हातही आंबटपणा धरून ठेवतं. स्पार्कलिंगसाठी ते इतर द्राक्षांच्या आधी, थंडी असतानाच तोडतात, कारण आंबटपणा गेला की बुडबुड्यांना काही अर्थ उरत नाही.

नाशिकची वाइन शॅम्पेनसारखी लागते का? नाही. खोली कमी असते, फळांचा वास जास्त असतो, आणि एखादी बाटली अगदीच सपाट निघते. पण तिचा खरा शत्रू माती नसून आपलं दुकान आहे. मे महिन्यात काचेत, उन्हात, ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली बाटली शॅम्पेनची असली तरी मरेल. म्हणून लेबलवरची तारीख पाहा, शक्यतो वर्षा-दीड वर्षाच्या आतली घ्या, मागच्या खोलीतली किंवा फ्रिजमधली मागा, आणि जिथे माल भराभर खपतो अशाच दुकानातून घ्या.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच केला ते सांगते. आमच्या ऑफिसात एक साहेब निवृत्त झाले. निरोपाला शॅम्पेनच हवी असं कुणीतरी ठरवलं. दोन बाटल्या, चौदा माणसं, माणशी हजार रुपये वर्गणी. एका बाटलीत सहा ग्लास होतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला धड एक ग्लासही आला नाही. त्या चौदा जणांत कंत्राटी पद्धतीवर असलेली एक मुलगी होती. तिने हजाराची नोट काढून दिली... म्हणजे पाचशेच्या दोन दिल्या, आणि दोन घोट घेऊन ग्लास ठेवून दिला. तिचा किती दिवसांचा बसचा आणि डब्याचा खर्च होता तो! "माझ्याकडे नाहीत" असं चौदा जणांसमोर कोण म्हणतं? कुणीच म्हणत नाही. त्याच पैशांत नाशिकच्या निदान सात-आठ बाटल्या आल्या असत्या. किंवा तीनच आणून वर्गणी अडीच-तीनशे ठेवली असती, तर सगळ्यांना ग्लासभर मिळाली असती आणि ती मुलगी मनापासून हसली असती. साहेबांना फरक कळला असता का? त्यांनी भाषणात त्या वाइनला "बिअर" म्हटलं. आता बोला!

ऋण काढून सण ही म्हण आपण लग्नातल्या जेवणावळींना लावतो. पण शिकलेल्या, ऑफिसातल्या, आपल्याला "तसले" न समजणाऱ्या लोकांचेही असे सण असतात. मोठेपणा एकाचा, वर्गणी सगळ्यांची. म्हणून मी म्हणते की हे सोवळं निरुपद्रवी नाही. चव कळण्याचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. इथे ज्याला परवडत नाही त्याला गप्प बसवलं जातं.

उलट बाजूनेही एक सांगायला हवं, नाहीतर माझा लेख एकांगी व्हायचा. स्वस्त म्हणजे चांगलं असंही नाही. २०२० च्या आसपास कावाच्या द्राक्षांना किलोला एक युरोहूनही बराच कमी भाव मिळत होता. तिकडे सात, इकडे एकसुद्धा नाही! सुपरमार्केटातली सगळ्यात खालच्या फळीवरची बाटली कुणाच्या तरी पोटाला चिमटा काढून तिथे आलेली असते. याच भानगडीत २०१९ मध्ये काही नामवंत उत्पादक कावाचं नाव सोडून बाहेर पडले आणि "कोर्पिनात" नावाने स्वतःचे कडक नियम लावून विकायला लागले. द्राक्षबागायतदाराचं दुःख आपल्याला युरोपात जाऊन शिकायला नको, नाशिक आणि सांगलीत ते रोजचं आहे. म्हणून माझा नियम असा: सगळ्यात स्वस्त घेऊ नका, तिच्या एक-दोन पायऱ्या वरची घ्या. तेवढ्या वरच्या पैशात चवीत सगळ्यात जास्त फरक पडतो. त्याच्या पुढे पैसे वाढत जातात, चव तेवढी वाढत नाही.

दुकानात गोंधळ होतो तो गोडीच्या शब्दांचा, तोही संपवून टाकू. लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर म्हणजे "ब्रूट". "एक्स्ट्रा ब्रूट" ६ ग्रॅमपर्यंत. "ब्रूट नेचर" ३ पेक्षा कमी. आणि "एक्स्ट्रा ड्राय" म्हणजे सगळ्यात कोरडी असं वाटेल, पण ती १२ ते १७ ग्रॅमची, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड! "ड्राय" किंवा "सेक" त्याहून गोड आणि "देमी सेक" ३२ ते ५०. पहिल्यांदा पिणाऱ्या पाहुण्यांना ब्रूट आंबट लागते, त्यांच्यासाठी एक्स्ट्रा ड्राय किंवा देमी सेक ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. रशियाच्या झारच्या दरबारात तर पाकासारखी गोड शॅम्पेन चालायची.

उघडताना उडवू नका. टीव्हीवर शर्यत जिंकलेले लोक उडवतात, पण त्यांच्या गळ्यात वर्गणी पडत नाही. (आणि २०२१ ते २०२४ या काळात फॉर्म्युला वनच्या व्यासपीठावर उडत होती ती इटलीतल्या त्रेंतोची वाइन होती. टीव्हीसमोर बसलेली मंडळी तिला बिनधास्त शॅम्पेन म्हणत होती!) बाटली चार तास फ्रिजमध्ये, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास. तारेला सहा अर्धे पीळ असतात, ते सोडा, अंगठा बुचावरून हलवू नका, बाटली तिरकी धरा आणि बुचाऐवजी बाटली फिरवा. हलकासा सुस्कारा आला पाहिजे. ग्लास साधा वाइनचा चालतो, उंच निमुळत्या ग्लासांचा संच घ्यायची गरज नाही.

आणि सोबत काय? इथे तर आपण जगाला शिकवू शकतो. तळलेल्या पदार्थाला आंबट, थंड, बुडबुड्यांची वाइन लागते तशी दुसरी कुठलीच लागत नाही. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, कांदाभजी, बोंबील फ्राय. ब्रूटच्या ग्लासाबरोबर गरम कोथिंबीर वडी खाऊन बघा आणि मग मला सांगा. कॅव्हियारची आठवणही येणार नाही.

"दारूवर लेख लिहितेस?" असं विचारणाऱ्या काकांसाठी शेवटचं. काका, वाइन तब्येतीला चांगली असते वगैरे मी म्हणणार नाही. ते खरं नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अमुक इतकी घेतली तर धोका नाही असं प्रमाणच नाही. जे पीत नाहीत त्यांनी या लेखामुळे सुरू करू नये. कोकम सरबतानेही निरोप देता येतो, आणि तसा दिलेला निरोप खोटा नसतो. जे वर्षातून चार वेळा पितात, मोजून खर्च करतात आणि दुकानात गेल्यावर नावं वाचून दबकतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गणी काढायची वेळ आली, तर यादीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे आधी बघा, त्याला न खुपेल असा आकडा ठरवा, आणि मग त्या आकड्यात बसणारी बाटली शोधा. नक्की मिळते.